उत्तरेचा शेजारी गैरहजर

चांगल्या माणसावर किती चिडता येतं हे कुणाला अनुभवायचं असेल, तर त्यानं माझ्या धाकट्या दिरांबरोबर एकदा मुंबईला जावं आणि उतरायला लॉज त्यांना शोधू द्यावं. मी दोनदा गेले आहे. पहिल्या खेपेला वर्ष होऊन गेलं, तरी आज हे लिहिताना माझा हात रागानं जड पडतो आहे. माणूस वाईट असता तर काम सोपं होतं. वाईट माणसावर एकदा चिडलं की मोकळं होता येतं. दीर दारू पीत नाहीत, खोटं बोलत नाहीत, ताटात काही टाकत नाहीत, आणि तरी आमच्या संगमनेरच्या घरात दिवसातून एकदा तरी माझ्या हातातलं भांडं आपटायला लावतात.

दीर मोजणी खात्यात आहेत. एखाद्याच्या शेताची मोजणी करायची तर आधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटीस द्यायची, ते बांधावर हजर झाले की त्यांच्यासमोर साखळी टाकायची, त्यांचे जबाब घ्यायचे, आणि एखादा शेजारी आला नाही तर पुढची तारीख द्यायची, अशी त्यांच्या खात्याची रीत. सरकारनं ती शेतजमिनीपुरती घातली आहे. दिरांनी ती सगळ्या सृष्टीला लावली. कोणतीही वस्तू कशी आहे हे त्या वस्तूला विचारून कळत नाही, तिच्या शेजाऱ्याला विचारावं लागतं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. एकदा मी त्यांना वांगी आणायला बाजारात पाठवलं. त्यांनी एका बाईची वांगी पसंत केली, पण तिला भाव विचारायच्या आधी तिच्या दोन्ही हातांना बसलेल्या बायांना विचारलं, "हिची वांगी कशी असतात?" उजवीकडची म्हणाली चांगली असतात, डावीकडची म्हणाली किडकी. मग त्या तिघींची जी जुंपली, ती ऐकायला अर्धा बाजार जमला. दीर पिशवी धरून बाजूला उभे राहिले आणि सगळ्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊन रिकामे घरी आले. मला म्हणाले, "वहिनी, जबाब जुळेनात."

त्यांचं लग्न झालं नाही तेही यामुळेच. आम्ही श्रीरामपूरला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी चांगली होती, शिवणकाम शिकलेली, बोलायला धीट. पोहे आले, आणि पाहतो तो नवरदेव जागेवर नाहीत. ते डाव्या हाताच्या घरात गेले होते. तिथून मागच्या घरात, मग उजव्या हाताच्या. परत आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. तिन्ही घरांनी मुलीची तारीफ केली होती. पण तोवर ही हकीकत मुलीच्या वडिलांच्या कानावर गेली होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी म्हणजे काय सर्व्हे नंबर आहे?" आम्ही चहा न घेता निघालो. गाडीत बसल्यावर दीर मला हळूच म्हणाले, "समोरचं घर तेवढं राहिलं होतं."

पण या माणसाची खरी कीर्ती आहे ती लॉजांबद्दल. खात्याच्या कामानं पुण्या-मुंबईला जाऊन जाऊन त्यांनी एक वही तयार केली आहे. स्वस्त, स्वच्छ आणि मोक्याच्या जागी असलेली लॉजं. प्रत्येकाला एक पान, आणि पानावर खरेदीखतात असतात तशा चतुःसीमा. गावातलं कुणीही मुंबईला निघालं की आधी आमच्या ओट्यावर येतं. एकदा शेजारच्या अकोले तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी आले. "भाऊसायेब, पोराच्या डोळ्याचं दावायला ममईला जायाचं हाय. दवाखान्याच्या जवळ अन् सस्तं कुटं मिळंल?" दिरांनी वही उघडली आणि वाचायला लागले, "पूर्वेस लॉन्ड्री, मालक सज्जन. पश्चिमेस सायकल दुकान, मालक दुपारी झोपतो. दक्षिणेस सरकारी रस्ता. उत्तरेस पिठाची गिरणी, रविवारी बंद." म्हातारे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सायेब, मला तितं दोन रात पडायचं हाय. इकत न्हाई घ्यायचं लॉज." खरं सांगायचं तर वहीतल्या लॉजात उतरलेला एकही माणूस कधी तक्रार घेऊन आला नाही. हे मी लिहिते आहे ते केवळ खोटं लिहायचं नाही म्हणून.

आता माझ्या रागाचं मूळ सांगते. माझी मुलगी सुनंदा मॅट्रिक झाली आणि तिनं नर्सिंगला जायचं मनात घेतलं. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळातून मुलाखतीचं पत्र आलं. सुनंदाचे वडील म्हणाले, "एकदा जाऊन या. झालं तर झालं, नाही तर राहुरीचं स्थळ होय म्हणूनच बसलं आहे." आमच्या ह्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्यांचा शब्द भांड्यावरच्या नावासारखा असतो, एकदा कोरला की पुसत नाही. म्हणजे पोरीच्या हातात एकच सकाळ होती. मुलाखत नऊ वाजता. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणं भाग होतं. ह्यांना दुकान सोडता येईना. मी म्हटलं, आम्ही दोघी जाऊन येतो. तर सगळे हसले. बाईमाणसांना एकट्यानं लॉजात खोली देत नाहीत, रजिस्टरात पुरुषाचं नाव लागतं. मी घर चालवते, दुकानाची उधारी वसूल करते, ह्यांच्या आजारपणात तीन महिने मी दुकानही चालवलं. पण चार भिंतींची खोली एका रात्रीपुरती घ्यायला मी पुरेशी नव्हते. तेव्हा दीर बरोबर आले.

आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो आणि दुपारी मुंबईत उतरलो. इस्पितळाजवळचं वहीतलं एकमेव लॉज पाडून तिथे नवी इमारत चालली होती. दिरांचा चेहरा उजळला. नवीन लॉज शोधायचं म्हणजे त्यांना सण. आम्ही ट्रंक, वळकटी आणि डबा घेऊन मागे चालायचं, आणि त्यांनी पुढे जाऊन आधी शेजारपाजारच्या दुकानांत शिरायचं. पहिलं लॉज चांगलं होतं, पण पश्चिमेच्या वखारवाल्यानं "ठीक आहे" म्हणताना वर पाहिलं नाही, म्हणून ते बाद. दुसऱ्याच्या दक्षिणेचा पानवाला फारच तारीफ करत होता. "वहिनी, मॅनेजरचा मेहुणा असणार." तेही बाद. तोवर तीन वाजून गेले होते. सुनंदाच्या पायात नव्या चपला होत्या, टाचेला फोड आला होता. तिला रात्री वाचायचं होतं, साडीला इस्त्री करायची होती. ती वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेऊन लंगडत चालत राहिली. ते लंगडणं मला जास्त लागत होतं.

तिसरं लॉज मिळालं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. इस्पितळाचं फाटक तिथून दिसत होतं. खोली आमच्या ऐपतीतली, चादरी धुतलेल्या, नळाला पाणी. पूर्वेचा लॉन्ड्रीवाला म्हणाला, "बेधडक राहा." दक्षिणेचा आणि पश्चिमेचा तेच म्हणाले. मी ट्रंक उचलली. दीर रस्त्यातच उभे.

"वहिनी, उत्तरेचा गैरहजर आहे."

"कोण उत्तरेचा?"

"टोप्या शिवणारा. दुकानाला कुलूप आहे. पाचपर्यंत येतो म्हणतात."

"मग?"

"मग थांबू."

मी त्यांना समजावलं. आधी गोडीनं, मग बिनगोडीनं. खोली घेऊन ठेवा, जबाब मागाहून घ्या, असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "असं कसं वहिनी, आधी ताबा आणि मग मोजणी?" आणि रजिस्टरात नाव घालायचं ते त्यांनीच. तेव्हा मी आणि माझी मुलगी मुंबईच्या फुटपाथवर ट्रंकेवर बसलो, एका टोपी शिवणाऱ्याची वाट पाहत. साडेपाचला साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ आत गेले. पावणेसहाला टोपीवाला आला. दिरांनी त्याला नमस्कार करून विचारलं. तो म्हणाला, "लॉज? एकदम चांगलं." दिरांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ ओढली, आणि हसतमुखानं आत गेले. शेवटची खोली सातारकरांनी घेतली होती.

मी मग काय बोलले ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. भर रस्त्यात बोलले. "भाऊजी, याच पायी तुम्हाला बायको मिळाली नाही. आता माझ्या पोरीचं वाटोळं करायला निघालात. बंद करा ती वही. जन्मात पुन्हा उघडू नका." टोपीवाला सुई हातात धरून पाहत राहिला. दिरांनी पेन्सिल वहीत घातली, वही पिशवीत घातली आणि ट्रंक डोक्यावर घेतली.

चौथं लॉज मी निवडलं, दोन मिनिटांत. पाटी चांगली होती, जिन्यात उजेड होता. मॅनेजर माझ्याशी बोलेना, दिरांकडेच पाहून बोलला. दिरांनी सही केली.

सकाळी सहाला उठले आणि नळ सोडला. नळातून नुसता वारा. मॅनेजर म्हणाला, "पाणी चार ते पाच असतं. कुणालाही विचारायचं होतं." कुणालाही! मी जिन्यात उभी राहिले आणि मला रडू येईल की मॅनेजरला मारीन ते समजेना. तोंड न धुता पोरीला डॉक्टरांसमोर, मेट्रनसमोर नेऊन उभी करायची? तेवढ्यात खालून दीर येताना दिसले. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या, आणि खांद्यावर इस्त्री केलेली सुनंदाची साडी. तिसऱ्या लॉजाच्या पूर्वेच्या लॉन्ड्रीवाल्याकडे जाऊन आले होते. तीन जिने चढून त्यांनी बादल्या ठेवल्या, आणि सुनंदाला म्हणाले, "इथून फाटकापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. तुझा पाय दुखतोय, तर आठशे धर. साडेआठला निघ." माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी सांगत होतो," असं ते म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

सुनंदाची निवड झाली. राहुरीला नकाराचा निरोप गेला.

त्यानंतर मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. घरात शांतता होती. दीर बाजारात जायचे आणि दहा मिनिटांत वांगी घेऊन यायचे. अर्धी किडकी. अकोल्याचे म्हातारे पोराला पुन्हा दाखवायला निघाले, तेव्हा ओट्यावर येऊन बसले. दीर त्यांना म्हणाले, "कुठंही उतरा, बाबा. सगळी सारखीच." म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊसायेबांना बरं न्हाई का, वयनी?" मी आत गेले आणि भांडी उगाच दोनदा घासली.

दोन महिन्यांनी सुनंदाला हजर व्हायचं पत्र आलं. एक रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी वसतिगृहात. पुन्हा आम्ही तिघं. मुंबईत उतरलो आणि रस्ता ओलांडला. समोर जे लॉज आधी दिसलं त्याच्याच दारात दिरांनी ट्रंक ठेवली. "वहिनी, हे बरं आहे. इथेच राहू." त्यांनी ना जिना पाहिला, ना डावीउजवीकडे पाहिलं. हात रिकामे खाली सोडून उभे राहिले, जसा दुसऱ्याच्या बांधावर माणूस उभा राहतो.

मला इतका राग आला की सांगता येत नाही. या माणसानं मला वर्षानुवर्षं छळलं ते छळलं, आणि आता न छळून छळायला निघाला. "तुम्ही इथेच थांबा," असं दोघांना सांगून मी पदर खोचला. पूर्वेला काचसामानाचं दुकान होतं. मालक म्हणाला, "पाणी दिवसभर असतं, बाई. फक्त दुसऱ्या मजल्यावर ढेकूण आहेत, पहिल्यावर घ्या." पश्चिमेला चहावाला, दक्षिणेला रस्ता. मी परत आले.

"पूर्वेचा चांगलं म्हणतो, पण दुसरा मजला नको. पश्चिमेचाही चांगलं म्हणतो. उत्तरेला घड्याळजी आहे, त्याच्या दुकानाला कुलूप आहे."

दिरांनी पिशवीत हात घातला आणि बराच वेळ चाचपून वही बाहेर काढली. पेन्सिल अजून त्याच पानात होती.

"मग वहिनी," ते चाचरत म्हणाले, "थांबावं लागेल."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. ऊन होतं, डबा आंबायला लागला होता आणि घड्याळजी कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी ट्रंकेवर बसले. चिडूनच बसले, पण बसले.