मंगळवारची वही

अधू नजरेमुळे धर्मा भगत यांची पारख चुकते आहे, हे मला त्यांच्या आधी कळलं. त्यांना ते सांगायला मी सात आठवडे लावले. का लावले ते लिहून ठेवायचं, तर आधी धर्माभाऊ कोण, हे सांगायला हवं.

ते नेरूळ गावातले. आमची सोसायटी उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जिन्यात दम खायला थांबल्यावर. जमीन गेली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. दोन वर्षांनी पावण्याला एका नळ बनवणाऱ्या कारखान्यात बफिंगला लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच बाहेर पडले. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू दाबून धरायचा आणि त्याला आरशासारखी चकाकी आणायची. चाळीस वर्षं हेच. नळ घासून झाला की ते तो ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवत. केसाएवढी रेघ राहिली असली तरी उजेड तिथे अडखळतो, असं ते म्हणायचे.

वाशीला जुन्या नाण्यांचं दुकान असलेला नंदकिशोर एकदा त्या कारखान्यात चांदीची ताटं चकाकवायला घेऊन गेला होता. सोबत आठ-दहा काळपट रुपये होते. धर्माभाऊंनी ताटं घेतली आणि रुपये परत केले. म्हणाले, "हे घासलं तर मरंल." नाण्यांच्या धंद्यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. धातूची मूळची कातडी एकदा गेली की परत येत नाही, एवढंच ठाऊक होतं. नंदकिशोरने ते लक्षात ठेवलं आणि ते निवृत्त होताच त्यांना आपल्या दुकानात नाणी पारखायला बोलावलं.

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. आमच्या ह्यांच्याकडे राणीच्या आणि राजाच्या छापाचे चौदा रुपये होते, कागदी पाकिटांत ठेवलेले. ते कुणाला हात लावू देत नसत. लक्ष्मीपूजनाला फक्त एक रुपया बाहेर यायचा, चिंचेच्या पाण्याने धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत बसायचा. ते गेले त्या वर्षी मी चौदाच्या चौदा काढले. आता अडवायला कुणी नव्हतं. चिंच, रांगोळी, मग जुन्या साडीच्या मऊ तुकड्याने पुसून असे लखलखीत केले, की शाळेतल्या सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती. दर शनिवारी प्रार्थनाघरातल्या पितळी समया आमच्याकडूनच घासून घ्यायच्या त्या.

पुढे एकटीला भाडं परवडेना, म्हणून नंदकिशोरला नाणी दाखवायला बोलावलं. त्याच्यासोबत धर्माभाऊ आले. खिडकीशी बसले, पहिला रुपया दोन बोटांत कडेने धरला, जरा तिरका केला.

"बाय, ही कोनी धुतली?"

"मी."

"सगली?"

"सगळी. दिवाळीला."

"भांडी समजून धुतली का?" ते म्हणाले, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण पुढचं हळू बोलले. "आता यांना नंबर नाय मिलनार. चांदी हाय, रुपया हाय, पन नंबर नाय."

नंदकिशोर म्हणाला, "अंकल, जरा सांभाळून बोला."

"सांभाळून काय? त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

त्या दिवशी मी रडले, आणि डायरीत लिहिलं की हा माणूस विश्वासाचा आहे.

नंबर म्हणजे काय ते मला मग कळलं. नाणं तपासणाऱ्या कंपन्या असतात. त्या नाण्याला सत्तरपैकी गुण देतात आणि ते पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात. न वापरलेल्या नाण्याला साठ किंवा वर. पण नाणं कुणी घासलं असेल, तर चिठ्ठीवर नंबर येत नाही, 'साफ केलेलं' एवढा शेरा येतो. नंदकिशोर तीन कंपन्यांकडे नाणी पाठवतो. त्यांची इंग्रजी नावं धर्माभाऊंच्या तोंडी बसत नव्हती, म्हणून त्यांनी त्यांना घरातली नावं दिली. सर्वांत कडक ती सासू. तिला सगळं दिसतं, दिसलं ते ती सोडत नाही. दुसरी जाऊ, एकदा गोड आणि एकदा नाही, तिचा नेम नाही. तिसरी मावशी. मावशी हात सैल सोडते, सासूकडे एकसष्ट मिळालेलं नाणं तिच्याकडे त्रेसष्ट होऊन येतं.

फॉर्म इंग्रजीत भरावे लागतात. नंदकिशोरचं अक्षर वाचवत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर मंगळवारी सकाळी अकराला धर्माभाऊ नाणी घेऊन येत, खिडकीशी बसत, एकेक नाणं तिरकं करून सांगत, "सासू एकसष्ट, जाऊ बासष्ट, मावशी त्रेसष्ट." मी फॉर्म भरे. नाणी तपासायला गेली की मला करमेना, म्हणून मी स्वतःसाठी एक वही केली. तारीख, नाणं, धर्माभाऊंचा अंदाज. तीन-चार महिन्यांनी डबी परत आली की शेजारी खरा नंबर. एकावन्न वर्षं रोज डायरी लिहिणाऱ्या बाईला असली वही म्हणजे काही विशेष नाही.

पण वही काय सांगत होती ते विशेष होतं. पहिली पाच वर्षं दहापैकी नऊ वेळा त्यांचा अंदाज बरोबर होता, चुकला तर एका गुणाने. नंदकिशोर ती वही दुकानात येणाऱ्यांना दाखवायला मागे. मी देत नसे. त्यात सोसायटीच्या पाण्याच्या वेळाही लिहिलेल्या होत्या.

गेल्या नवरात्रात आलेल्या पेटीतली चार नाणी सासूकडून अंदाजापेक्षा खाली आली. एकाला तर 'साफ केलेलं' असा शेरा. धर्माभाऊंनी डबी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"सासूचं डोकं फिरलंय."

"वय झालं की फिरतं," मी म्हटलं.

"आपलं नाय फिरलं ते?"

आम्ही हसलो. पुढच्या पेटीत जावेनेही तेच केलं. त्यांनी मान हलवली, "सगल्याच कडक झाल्या. वर कोनी नवा साहेब आला असंल." मीही मानलं. मानायला सोपं होतं. मग डिसेंबरात मावशीने, त्या सैल हाताच्या मावशीनेसुद्धा, दोन नाणी नंबर न देता परत पाठवली.

त्या दुपारी मी वही घेऊन बसले. तीन वेगळ्या कंपन्या, दोन तर वेगवेगळ्या देशांतल्या, एकाच हंगामात एकाच मापाने कडक कशा होतील? नंदकिशोरची एक सवय आहे. सासूने दिलेला नंबर त्याला कमी वाटला, तर तो डबी फोडतो आणि तेच नाणं पुन्हा तिच्याकडेच पाठवतो. मी अशी नाणी शोधली. तीन सापडली. सहा वर्षांपूर्वी एकसष्ट, बासष्ट, अठ्ठावन्न. याच हंगामात पुन्हा गेली तेव्हाही एकसष्ट, बासष्ट, अठ्ठावन्न. सासू होती तिथेच होती. बदललं होतं ते माझ्या वहीतलं तिसरं सदर, म्हणजे धर्माभाऊंच्या अंदाजाचा रकाना, पावसाळ्यापासूनचा. आणि चूक नेहमी एकाच बाजूची. बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या, त्यामुळे ते नंबर चढा सांगत होते.

वही मिटून मी कपाटात ठेवली आणि सात मंगळवार काही बोलले नाही. थकवा आला होता. घरातल्या माणसाचं दुखणं एकदा पाहिलं आहे मी. दुसऱ्याला त्याच्या दुखण्याचं नाव सांगायचं म्हणजे काय, ते आठवत होतं. आणि मंगळवार बंद झाले तर अकरा ते एक मी काय करणार, हाही विचार होता. तो लिहायला लाज वाटते, पण होता.

आठव्या मंगळवारी मी जे केलं ते चांगलं नव्हतं. मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती. मी त्यांच्या नऊ नाण्यांत माझा एक रुपया ठेवला, चिंचेने धुतलेला, एकोणीसशे सातचा. सात वर्षांत तो पुन्हा थोडा मंदावला होता, पण घासल्याच्या रेघा कुठे जातात? माझ्यासारखीलाही भिंगाखाली दिसत होत्या.

धर्माभाऊंनी तो उचलला. कडेने धरला, तिरका केला. पूर्वी ते दोनदा फिरवत, आता पाच-सहा वेळा फिरवत होते. मान एका बाजूला कलती करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते.

"चांगला हाय. कुठून आनला यानं? सासूकडं बासष्ट. कोनाचा हात नाय लागला याला."

मी वहीत बासष्ट लिहिलं. पेन खाली ठेवलं.

"भाऊ, तो माझा आहे."

"कंचा?"

"हातातला. दिवाळीत धुतलेल्यांपैकी."

त्यांनी रुपया पुन्हा उजेडात धरला, मग अंगठ्याची कड त्यावरून फिरवली. नाण्याला असा हात लावायचा नसतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी वही उघडून वाचून दाखवली. तीन जुनी नाणी, दोन्ही वेळचे नंबर. मग पावसाळ्यापासूनचे त्यांचे अंदाज आणि आलेले निकाल, एकेक करून. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे सासू बरोबर होती."

"हो."

"मना मधोमध दिसत नाय, बाय. कडंनं दिसतं. पावसाल्यापासून. जमुनाला पन नाय सांगितलं." जमुना म्हणजे त्यांची बायको. "तुमी लगेच का नाय सांगितलं?"

"धीर झाला नाही."

"मी तुमाला लगेच सांगितलं होतं."

मी वही मिटली.

त्यांनी तिथूनच नंदकिशोरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण बटणं त्यांना नीट दिसत नव्हती. सांगितलं की पावसाळ्यापासून पारखलेलं कुठलंही नाणं आपल्या शब्दावर विकू नकोस, ज्यांना विकलंस त्यांना कळव.

"अंकल, टेन्शन घेऊ नका," नंदकिशोर म्हणाला. "राहिलेली सगळी मावशीकडे पाठवतो. ती चालवून घेईल."

"मावशी चालवून घेंल. मी नाय घेनार."

"गिऱ्हाइकाला थोडंच कळतं?"

"नंदू, माझ्या हातातून गेलेल्या नलाला रेघ दिसली, तर मुकादम तो परत माझ्याच पुढं ठेवायचा. किती विकलीस ते सांग."

चार विकली होती, कामोठ्याच्या एका शिक्षकाला. संध्याकाळपर्यंत नंदकिशोरने त्यांना कळवलं. राजीखुशीने नाही, पण कळवलं.

नात रुतिका त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. पडद्याच्या मधल्या भागाचा आजार निघाला. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी दोन महिने आधी आले असते तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. हे रुतिकाने मला सांगितलं. धर्माभाऊंनी सांगितलं नाही. दोन महिने म्हणजे साधारण आठ आठवडे. माझे सात होते.

पुढच्या मंगळवारी अकराला दार वाजलं. धर्माभाऊ होते, रिकाम्या हाताने. खिडकीच्या खुर्चीत बसले.

"ती वही काढा."

काढली.

"पावसाल्यापासून माझे जेवढे अंदाज हायेत, त्यांच्या पुढं लिवा. नजर साफ नव्हती."

"प्रत्येकाच्या पुढे?"

"डबीवर लिवत्यात का नाय? तसंच."

दोनशे एकतीस नोंदी होत्या. हल्ली माझा उजवा अंगठा दुखतो, अर्ध्यावर थांबून मी हात चोळला. ते बसून राहिले. शेवटची नोंद माझ्या रुपयाची होती.

"त्या बासष्टचं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"आहे तसंच आहे."

"खोडा ते."

"मी खोडत नाही, भाऊ. एकावन्न वर्षांत खोडलेलं नाही."

"मंग तिथं पन तेच लिवा."

मी लिहिलं. त्याखाली, ते बघत असताना म्हणजे माझ्या दिशेने तोंड करून बसले असताना, त्या सात मंगळवारांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांच्यापुढे माझं नाव घातलं. काय लिहिते आहे असं त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "च्या ठेवा."