गजाआडून पाणी

"आधी पाणी घ्या, मग काम सांगा." बँकेच्या दारात कुणीही आलं की अण्णांचा तांब्या पुढं. तपासणीला आलेल्या साहेबालाही पाणी, शिव्या घालत आलेल्यालाही पाणी. खांद्यावर दुनळी बंदूक आणि हातात तांब्या, असा राखणदार तुम्ही कुठं पाहिलाय का? मी म्हणायची, "अण्णा, तुम्ही राखणदार का पाणक्या?"

"दोन्हीबी की, अक्का. पगार तेवढा एकच."

खजुरीजवळच्या त्या लहानशा शाखेत मी कॅशियर होते. दरोडा पडला तेव्हा काउंटरवर मीच होते, म्हणून सांगते. दुपारची जेवणाची सुट्टी, दाराच्या जाळीला कुलूप. बाहेर तीन जंगम उभे राहिले. भगवी वस्त्रं, कपाळभर विभूती, हातात घंटा. पाणी मागितलं. मी म्हटलं, "अण्णा, जाळीतूनच द्या."

अण्णा माझ्यावरच चिडले. "जंगमाला गजाआडून पाणी देतात व्हय?"

अण्णा लिंगायत, जंगम म्हणजे त्यांचे गुरू. जंगम दारात आला की त्याचे पाय धुतल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी जेवत नसे. त्यांनी कुलूप काढलं, बंदूक भिंतीला टेकवली आणि पाया पडायला वाकले. उठायच्या आत त्यांचीच बंदूक त्यांच्या मानेला लागली. गावानं तारण ठेवलेलं सोनं त्या दुपारी गेलं.

चोर पुढं सापडले, पण तोवर सोनं वितळून गेलं होतं. पोलिसांनी अण्णांना चोरांना सामील धरून बदड बदड बदडलं. कोर्टात मी साक्ष दिली, अण्णा सुटले. गावानंही पोटात घातलं. जिच्या पाटल्या गेल्या ती म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "जंगमापुढं मीबी वाकले असते की." तेव्हा मला या गावाचा अभिमान वाटला होता. काय खुळी मी!

मग टीव्हीवाले आले. आपल्या दरोड्यावर मालिका निघणार! एक गोड बोलणारा पोरगा अण्णांच्या ओसरीवर बसला, पाणी प्यायला, भाकरी खाल्ली. आपण कसे वाकलो ते अण्णांनी त्याला खाली वाकून दाखवलं. "आता समद्यांना खरं कळंल, अक्का," म्हणाले. पहिल्या भागाला त्यांनी अख्खी गल्ली घरी बोलावली.

मालिकेतला राखणदार दारुडा होता. ढाब्यावर चोरांसोबत बसून त्यानं सोन्यातला वाटा ठरवला आणि जाळी आतून उघडून दिली. जंगम कुठंच नव्हते. चोर वीजवाले होऊन आले होते. अण्णांच्या घरात एकेक जण चप्पल शोधू लागला.

मी त्या पोराला फोन लावला. "मॅडम, जंगम दाखवले तर भावना दुखावतात. आणि पाया पडण्यात ड्रामा काय आहे?" असं म्हणाला मेला.

आधी चेष्टा सुरू झाली. "काय अण्णा, आमचा वाटा कवा?" मग चेष्टाही थांबली, ते जास्त वाईट. मठाच्या दासोहात, म्हणजे अन्नदानात, सोमवारी हुग्गी, गव्हाची खीर, वाढायचं काम अण्णांचं. त्या सोमवारी कारभाऱ्यानं त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. "अण्णा, तुमी बसा आता पंगतीला." अण्णा बसले नाहीत. तडक माझ्याकडं आले.

"कोर्टानं सोडलं, अक्का. ह्या टीव्हीला कुटल्या कोर्टात नेऊ?"

मी घरोघरी जाऊन सांगितलं. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बाई, टीव्हीवर उगी दाखवतेत व्हय?" माझी शपथेवरची साक्ष गेली चुलीत!

अण्णांनी बाहेर पडणं सोडलं. जेवणही सोडल्यासारखंच. उन्हाळ्यात गेले. मातीला गर्दी मात्र ही एवढी. 'तो हाच' म्हणत पोरं मोबाईल वर धरून फोटो घेत होती. मी दोघातिघांच्या हातावर फटके मारले.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. अण्णांसोबत सगळा जन्म काढलेली बाई. ओसरीवर नवं शेण सारवलं होतं. आत गेले तर कोठीतली ज्वारी जमिनीवर ओतलेली, एका कोपऱ्यात फरशी उचकटलेली. मला वाटलं, उंदीर झाले असतील.

वहिनींनी दार लोटून घेतलं आणि माझा हात धरला.

"अक्का, तुमी तवा ब्यांकेत होता म्हणून इचारते. समदं घर हुडकले, गोठाबी उकरले. काईच गावलं न्हाई. ह्यांनी कुटं ठेवलं असंल? तुमाला काई बोलले व्हते का?"