अकरा चाळीसची वावटळ

गणवेश शिवण्यात आत्याचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. दोन शाळांची मिळून सहाशे मुलं दरवर्षी तिच्या टेपखालून जायची, आणि एकाचाही सदरा वर्ष संपायच्या आत आखूड झाला असं कधी घडलं नव्हतं. लोक म्हणायचे, आत्याचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आत्या वरवर "कसलं काय!" म्हणायची, पण हे ऐकायला मिळावं म्हणून मशीन क्षणभर थांबवायची. तिला आत्या म्हणणारी खरी भाची एकच, धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी. बाकी सगळ्या रस्त्याने ते नाव तिच्याकडूनच उचललं होतं. त्या मुलीला मात्र आत्याने जन्मल्या दिवशीच "एवढीशी बटणाएवढी आहे" म्हणून बटणी करून टाकलं होतं.

भाऊ बस चालवायचा, भावजय इस्पितळात नर्स. दोघांच्या पाळ्या अशा की त्यांचा निम्मा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. त्यामुळे शाळा सुटली की बटणी दुकानात, कापण्याच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी सुटी मिळाली, तीही दोनच दिवस. थीम पार्कात जायचं ठरलं, आणि बेत आखायचं काम न मागता आत्याने ओढून घेतलं.

बटणीला त्या पार्कातली एकच गोष्ट हवी होती. तिचं नाव वावटळ. उंचच उंच रुळांवरून सुसाट जाणारी आणि दोनदा उलटी होणारी गाडी. वर्गातल्या दोघी बसून आल्या होत्या आणि "तुला घेणारच नाहीत, तू टिचभर" असं त्यांनी डब्याच्या सुटीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. अट होती एकशे वीस सेंटिमीटर उंचीची.

"आत्या, मी बसते का गं त्यात?" बटणीने विचारलं तेव्हा आत्याच्या तोंडात चार टाचण्या होत्या. तिने बटणीला दाराच्या चौकटीला उभं केलं, टेप लावला, वहीत आकडा लिहिला आणि मग टाचण्या काढून वही वाचून दाखवली. "एकशे एकवीस. बसतेस की! वर एक शिल्लक." बटणीने दुकानभर उड्या मारल्या, इस्त्रीवाल्याला सांगितलं, समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्या दोघींनाही ऐकवलं. "माझ्या आत्याने मोजलंय," एवढं म्हटल्यावर तिच्या लेखी विषय संपला होता.

मग आत्या कामाला लागली. कापडावर नमुने मांडतात ना, एक वीत कापड वाया जाऊ नये म्हणून बाही इकडे, कॉलर तिकडे, तसे तिने खाकी कागदावर दोन दिवस मांडले. पाळणे निळ्या खडूने, जेवणं लाल, संध्याकाळचे कार्यक्रम पिवळ्या. वावटळीची वेळ आधी नोंदवावी लागे आणि माणशी एकदाच मिळे, म्हणून ती सकाळी सहापासून भावाचा फोन हातात घेऊन बसली आणि दुसऱ्या दिवशीची अकरा चाळीसची वेळ पटकावली. बटणी आणि तिचा बाबा, दोन जागा. जेवणाचं टेबल बारा वाजून दहा मिनिटांचं, कारण साडेबाराला झुंबड उडते. पाण्यावरच्या दिव्यांचा खेळ सातला, पण पायरीवर जाऊन बसायचं सव्वासहाला. कागदावर "१०:५०, सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली नसली तरी" हेसुद्धा होतं.

"ताई, श्वास कधी घ्यायचा तेही लिहा," भावजय म्हणाली.

"रांगेत घ्या. तिथे वेळच वेळ आहे," आत्या म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर पहिला दिवस इतका बिनचूक गेला की टोमणे मारणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. हे जिथे जिथे पोहोचले तिथे रांग नुकतीच ओसरलेली असायची. जेवायला खिडकीजवळचं टेबल मिळालं, आणि घास तोंडात जातो न जातो तोच बाहेर झुंबड उडाली. संध्याकाळी पहिल्याच पायरीवर जागा. पाण्यावर दिवे नाचायला लागले तेव्हा मागे हजारभर माणसं टाचा उंचावून बघत होती, आणि भाऊ पाय पसरून म्हणाला, "ताई, तू आमच्या डेपोत ये. सगळ्या गाड्या वेळेवर धावतील." आत्या फुलून गेली. बटणी तिच्या मांडीवर रेलून दर दहा मिनिटांनी विचारत होती, "उद्या अकरा चाळीसला ना?"

दुसऱ्या दिवशी अकरा पस्तीसला ते वावटळीच्या फाटकाशी हजर होते. फाटकावर निळ्या टोपीतली एक मुलगी मोजपट्टी घेऊन उभी होती. तिने बटणीला बूट काढायला लावले, पट्टीला पाठ टेकवून उभं केलं आणि आडवी फळी खाली सरकवली. फळी केसांना लागली ती लाल रेघेच्या खाली. तिने पुन्हा मोजलं.

"एकशे एकोणीस. सॉरी बाळा, एक कमी पडतोय."

"असं कसं?" भाऊ पुढे झाला. "घरून मोजून आणलंय."

आत्याला एका क्षणात सगळं कळलं. तीस वर्षं ती मुलांची मापं घेत होती आणि तीस वर्षं प्रत्येक मापात दोन सेंटिमीटर वाढवून लिहीत होती, कारण पोरं वाढतात आणि गणवेश वर्षभर पुरायला हवा. हे आता ती ठरवून करत नसे. डोळ्याने एकोणीस वाचलं की हात एकवीस लिहून मोकळा. त्या दिवशीही हाताने तेच केलं होतं, आणि तिने ते वहीतून स्वतःलाच वाचून दाखवलं होतं.

बटणीचा खालचा ओठ थरथरायला लागला. भावाला ते बघवेना. तो चटकन खाली वाकला आणि म्हणाला, "रडू नकोस. यांची पट्टीच चुकीची आहे. आत्याचं माप कधी चुकतं का?"

बटणीचा चेहरा लगेच सावरला. अर्थात! पट्टीच चुकीची! तिने आत्याकडे बघितलं. भावजयीने मागून डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा, पोरीचं मन राहील. हो म्हणणं किती सोपं होतं. पट्टीवर खापर फुटलं असतं आणि आत्या होती तिथेच राहिली असती.

"नाही गं," आत्या म्हणाली. "त्यांची पट्टी बरोबर आहे. मी चुकले. मी दोन वाढवून लिहिले."

"का?"

"सवयीने. मुद्दाम नाही. पण चूक माझीच."

बटणी रडली नाही. ती लालबुंद झाली. वर्गातल्या त्या दोघी, इस्त्रीवाला, चष्मेवाला, सगळे तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असणार. तिने आत्याचा हात झिडकारला आणि वावटळीकडे बोट दाखवून ओरडली, "मग तू जा! माझ्या जागेवर तू बस!"

ती शिक्षा होती, आणि अगदी नेमकी होती. आत्या माळ्यावरची ट्रंक काढायलाही स्टुलावर चढत नसे. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर कठड्याकडे पाठ करून. भाऊ "अगं, आत्या कशी..." म्हणायला लागला, पण आत्याने पर्स भावजयीच्या हातात दिली, जवळचं बघायचा चष्मा काढून दिला, आणि निळ्या टोपीला विचारलं, "मी चालते का?"

"तुम्ही आरामात चालता, काकू."

पुढचं काय सांगावं! लोखंडी दांडा छातीवर बसला तेव्हाच आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी कटकट करत वर चढत होती तोवर ती भावाचं मनगट धरून "उतरव मला, मी तुझी मोठी बहीण आहे" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. भाऊ रोज चाळीस माणसं घाटातून नेणारा, तो म्हणाला, "डोळे मीट फक्त." शिखरावर गाडी थांबल्यासारखी झाली आणि सुटली. गाडी पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा भाऊ असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. आत्याने मात्र डोळे उघडले होते.

ती खाली आली. केस चारी दिशांना. वर चढताना तिने मनाशी ठरवलं होतं की खाली जाऊन सांगायचं, काही नाही गं त्यात, नुसतं डोकं गरगरतं. म्हणजे पोरीला हळहळ वाटणार नाही. बटणी कठड्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, "कसं होतं?"

"फार भारी होतं गं," आत्या म्हणाली आणि तिला एकदम रडूच आलं. "इतकं भारी की मला पुन्हा जायचंय. तू हवी होतीस तिथे."

त्यावर बटणीने जे भोकाड पसरलं, ते ऐकून निळ्या टोपीची मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली. आत्या जमिनीवरच बसली. बटणी आधी लांब उभी राहून रडली, मग जवळ येऊन रडली, मग आत्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. बारा वाजून दहा मिनिटं झाली, टेबल गेलं. साडेबाराची झुंबड त्यांच्या अंगावरून जेवायला निघून गेली. खाकी कागद पर्समध्ये पडून होता आणि तो काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"वर गेल्यावर काय दिसतं?" बटणीने नाक ओढत विचारलं.

"आधी आपण राहिलोय ते हॉटेल दिसतं. मग नदी. मग तू दिसलीस, एवढीशी. मग सगळं उलटं होतं, नदी डोक्यावर येते आणि पोट कुठे राहिलं ते कळत नाही."

"पोट राहतं?"

"मागेच. दोन वळणांनी येऊन बसतं."

लेकीचा जीव जळू नये म्हणून भाऊ मध्येच म्हणाला, "एवढं काही नसतं गं बटणे. आत्या उगाच रंगवून सांगते."

बटणीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आत्याच्या आणखी जवळ सरकली.

"बाबा, तू गप्प बस," ती म्हणाली. "आत्या खरं सांगते."