जवाईबापूची बोट

माह्या धाकट्या बहिणीचा नवरा दुर्ग शहरातला ठेकेदार. त्यानं कुठूनशी एक जुनी मोटारबोट आणली. दुर्गात ना समुद्र ना खाडी, म्हणून हा दर रविवारी ती ट्रॉलीवर बांधून गावाबाहेरच्या एका बंद दगडखदानीत नेणार. खदान पाण्यानं भरलेली, तळ कोणालेच ठाऊक नाही. बोटीले त्यानं निळे दिवे लावले, स्पीकर लावले, वरून ट्रकचा हॉर्न लावला. पाण्यात हॉर्न कोणासाठी, मासोळ्यांनी बाजूले व्हावं म्हणून? उथळ पाण्याले खळखळाट फार, दुसरं काय.

अन् पुढच्या सीटवर बहिणीले बसवणार, लोकायनं पाहावं म्हणून. लहानपणी ती वैनगंगेच्या डोहात बुडता बुडता वाचली. मीच केस धरून ओढली होती. अजूनही गाडी नदीच्या पुलावर आली का ती डोळे मिटून बसते.

बोट बंद पडाले लागली तसं मले बोलावणं आलं. मी जिंदगीभर पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिशियन, राहणार जवळच, प्लांटाच्या वसाहतीत सेक्टर सहात, म्हणजे घरचाच मिस्त्री. अन् आमच्यात जवायाले नाही म्हणत नाहीत, तो कितीही येडा असला तरी.

बॅटरी फुल्ल, मीटर बरोबर दाखवून राहिलं, पण चावी फिरवली का नुसतं कट्ट. शोधता शोधता इंजिनाच्या अर्थिंगचा नट ढिला सापडला. आवळला, बोट चालू. पुढच्या रविवारी पुन्हा कट्ट, पुन्हा तोच नट. नट हॉर्नाच्या हादऱ्यानंच सुटते असं समजून मी मनात त्या हॉर्नाले शिव्या घातल्या, नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकला, वरून ग्रीस लावलं. आता हा नट हलला तर माह्या मिशा काढीन, असं बहिणीसमोर म्हणालोही.

त्याच्या पुढच्या रविवारी नागपूरचे पाहुणे आले होते. बोट अजून अंगणातच, अन् स्टार्टर पुन्हा मुका. मी वाकून पाहिलं. नट ढिला, अन् ग्रीसमध्ये पिवळी बोटं उमटलेली. हळदीची. आमचा बाप रेल्वेत फिटर होता, पाना कसा धरायचा हे त्यानं आम्हा दोघायलेही शिकवलं होतं.

मी फडक्यानं ग्रीस पुसलं अन् स्वयंपाकघरात गेलो.

"कावून सांगत नाहीस त्याले?"

"सांगितलं ना, दादा. हसला. पाहुण्यायलेही सांगितलं, तेही हसले." ती पोळी लाटतच राहिली. "आज खदानीच्या मधोमध नेऊन राहिला मले."

मले इतका राग आला का वाटलं, त्या हॉर्नासकट त्यालेच खदानीत ढकलावं. पण संसार तिचा होता. मी बाहेर आलो अन् सगळ्यायसमोर म्हणालो, "जवाईबापू, माह्यानं नाही होत. हिची वायरिंग आतून सडली आहे. पेट्रोलच्या टाकीजवळ कधी ठिणगी पडेल, भरवसा नाही."

बायकोच्या भीतीले हसणारा गडी, स्वतःच्या जिवावर आलं तसं त्याचं तोंड उतरलं. मग पाहुण्यायकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "नाचता येत नाही अन् अंगण वाकडं. साळेबुवा, प्लांटात जिंदगीभर काय बल्बच पुसले का?"

पाहुणे हसले. ज्या हातांनी मी रोलिंग मिलच्या क्रेनचे फॉल्ट काढले ते हात फडक्याले पुसत मी उभा राहिलो. बहीण दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा द्यायचं तिले सुचलं नाही.

बोट त्यानं महिन्याभरात काढून टाकली. ती गोष्ट मात्र अजून चालूच आहे. कोणाच्याही लग्नात चार माणसं जमली का तो मले बोलावतो अन् खांद्यावर हात ठेवून सांगतो, हे आमचे साळेबुवा, याइले बॅटरीचं कनेक्शनही जमत नाही.

त्याले वाटते, मी लाजून खाली पाहतो. मी बहिणीच्या हाताकडे पाहतो, अन् म्हणतो, "खरं आहे जवाईबापू, बोटीतलं मले कधी समजलंच नाही."