फ्लोरियन डुडझिकची चौथी हार

फ्लोरियन डुडझिकला अमेरिकन फुटबॉलचं वेड मुळात नव्हतंच. वेड होतं त्याच्या बायकोला, युजिनियाला. आम्ही सगळे तिला गेनिया म्हणायचो. बफेलो शहराच्या पूर्वेकडे त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. रविवारी खालून गेनियाच्या शिव्या ऐकू आल्या की आपला संघ मागे पडलाय हे मला टीव्ही न लावताच कळायचं. फ्लोरियन तेव्हा तळघरात काहीतरी ठाकठोक करत असायचा.

सव्वीस वर्षं तो पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. त्र्याऐंशी साली भट्ट्या बंद झाल्या. शेवटच्या पाळीला हेल्मेट जमा करून तो फाटकाबाहेर आला, तर तिथे चिटपाखरूही नव्हतं. "निदान कोणीतरी हात हलवायला हवा होता," एवढंच तो एकदा म्हणाला. पुढे एका शाळेत झाडलोटीचं काम मिळालं. त्या दिवसांत तो दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर खूप.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आमचा संघ पहिल्यांदा सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात गेला. चर्चच्या तळघरात टीव्ही लावला होता. गेनियाने स्वतःबरोबर फ्लोरियनलाही कॉफी वाटायला म्हणून ओढत आणलं होतं. आठ सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे, आणि सगळं एका लाथेवर आलं. चेंडू दोन खांबांमधून गेला की जिंकलो. तो उजवीकडून बाहेर गेला. दोनशे माणसं त्या तळघरात होती. म्हातारा पाद्री सोसेज कापत होता. त्याच्या हातातली सुरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी संघ परतला, तेव्हा गेनिया फ्लोरियनला घेऊन नगरभवनासमोरच्या चौकात गेली. मीही होते. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक जमले होते आणि ज्याची लाथ चुकली त्याच खेळाडूच्या नावाने हाका मारत होते. पुढे ये, पुढे ये म्हणत होते. तो आला, रडला. बाजूला बघितलं तर फ्लोरियनच्या मिशांवर पाणी गोठत होतं.

"हरून आलेल्याला असं घ्यायला येतात?" त्याने विचारलं.

"मग काय घरी बसून बटाटा भरलेल्या पिएरोगी खायच्या?" गेनिया म्हणाली. "ओरड की, तोंड आहे ना?"

आणि तो ओरडला. त्या दिवसापासून हा माणूस बायकोच्या वरताण झाला. रविवारी आता खालून दोन आवाज यायचे. दुसऱ्या वर्षीही आम्ही अंतिम सामन्यात हरलो. तिसऱ्या वर्षी तर बावन्न–सतरा, अब्रूच गेली. दुसऱ्या गावांतले लोक आमच्यावर विनोद करायला लागले. फ्लोरियन आणि गेनिया मात्र सप्टेंबरात नवा हंगाम उजाडला की पुन्हा ताजेतवाने.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये गेनियाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी फ्लोरियनला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन तो तिला म्हणाला, "औषधाने वितळेल म्हणतात. वसंतात चालायला लागशील." मला मात्र त्याने जिन्यात गाठून खरं सांगितलं. एप्रिलातला ईस्टर दिसला तरी पुष्कळ. कोणाला सांगू नकोस, असंही म्हणाला. मी गप्प राहिले. तेव्हा मला ते प्रेमच वाटलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा रेमंड ॲरिझोनात होता. नाताळला येऊ का, असं त्याने फोनवर विचारलं तेव्हा गेनियाच म्हणाली, "या बर्फात कशाला येतोस? उन्हाळ्यात ये, तोवर मी उठलेली असेन." फ्लोरियन शेजारी उभा होता. बोलला नाही.

जानेवारीत संघ चौथ्यांदा अंतिम सामन्यात गेला. गेनियाची खाट पुढच्या खोलीत टीव्हीसमोर आणली. मध्यंतराला आम्ही तेरा–सहाने पुढे होतो. तिच्या गालांवर किती दिवसांनी रंग आला होता. "या वेळी नक्की रे, फ्लोरेक," ती म्हणाली; लाडात आली की ती त्याला फ्लोरेक म्हणायची. वेदनेची गोळी घेतली आणि तिचा डोळा लागला. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला आमच्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला, आणि सामनाही. आम्हाला पुढे एक गुणसुद्धा मिळाला नाही. फ्लोरियन आवाज बंद करून शेवटपर्यंत बघत राहिला.

सकाळी मी खाली आले तर त्याने वर्तमानपत्र ओव्हनमध्ये लपवलेलं. गेनिया जागी झाली.

"बोल, काय झालं?"

"जिंकलो."

"खरंच? कितीने?"

"सत्तावीस–चोवीस. शेवटच्या क्षणाला." मग तो भडाभडा बोलायला लागला, कोण पळालं, कोणी झेल घेतला, चौकात मिरवणूक कधी आहे. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"फ्लोरेक," ती हळूच म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलास, तेव्हा असाच बोलला होतास. याच आवाजात."

तो तिची चादर नीट करायला लागला.

"किती?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. "तीस–तेरा."

"ते नाही विचारत मी."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मग तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी सूप भरवत होते, तेव्हा त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सामन्याचं खोटं मी माफ केलं असतं. पण माझा नाताळ खाल्ला याने. माझं पोर यायला निघालं होतं आणि मी त्याला नको म्हटलं." दाराआड फ्लोरियन उभा होता. त्याने भिंतीला डोकं टेकलं.

मग त्याने स्वतःच रेमंडला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रेमंड दोन दिवसांत आला, सुट्टी होती तेवढे नऊ दिवस राहिला. आईचे पाय चेपत बसायचा, बापाशी कामापुरतं बोलायचा. तो गेल्यावर गेनियाने फ्लोरियनला खाटेजवळ बसवून बीटचं सूप शिकवायला घेतलं. "मीठ बघ जरा! समुद्र केलास की!" असं ओरडायची. राग गेला होता की वेळ उरला नव्हता म्हणून तिने बाजूला ठेवला होता, मला आजही ठाऊक नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

त्यानंतर फ्लोरियन अकरा वर्षं जगला. टीव्ही त्याने शेजारच्या डे-केअरला देऊन टाकला. रेमंडचा दर रविवारी फोन यायचा, पाच मिनिटांचा. तिकडे ऊन आहे, इकडे बर्फ आहे. संपलं.

अखेरच्या आजारात मी त्याच्याजवळ होते. एकदा तो म्हणाला, "मला वाटलं होतं, मी तिला भीतीशिवायचे तीन महिने देतोय."

मी त्याचा हात धरून बसले. रेमंड अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी पोहोचला, कोट न काढताच बापाच्या खुर्चीत बसला, आणि जिना चढणारी माझी पावलं वर थांबेपर्यंत रडला नाही. मग त्याचं रडणं मला वर ऐकू आलं.