पोकलेनवरून उतरल्यावर

तुमच्या घराच्या स्लॅबची खडी ज्या माणसाने डोंगरातून काढली, त्याचं काम उद्या यंत्राने घेतलं, तर तुम्ही त्याच्या बाजूने बोलाल का?

माझे वडील इंदुरीजवळच्या दगडखाणीत पोकलेन चालवायचे. गेल्या वर्षी मालकाने सांगितलं, आता पोकलेनवर नवं यंत्र बसेल, ते कॅमेऱ्याने बघून पोकलेन आपलं आपण चालवेल. लक्ष ठेवायला ऑफिसात एक माणूस पुरे. ऑपरेटर तिघे होते. मी कामगारांची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. लगेच मालकासाठी पत्रक लिहिलं : ‘यंत्र परत पाठवा.’

वडिलांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला. “यंत्र कशाला परत? आमाला घरी पाठवू नका, एवढं लिही. त्या धुळीत बसायची मला काय हौस न्हाई.”

“रातभर खोकत्यात,” आई म्हणाली. “जाऊ दे की यंत्राला धुळीत.”

मी मागणी बदलली : ऑफिसातल्या खुर्चीवर तिघांनाही पाळीपाळीने बसवा. मालकाने पत्रक घडी करून खिशात घातलं.

यंत्राचा मुहूर्त खंडेनवमीचा धरला होता. वडिलांनी दरवर्षीसारखा पोकलेनला झेंडूचा भरघोस हार घातला. नारळ फुटला, बटण दाबलं, पोकलेन हलेना. इंजिनियर वायरी तपासून घामाघूम झाला. शेवटी कळलं, हार कॅमेऱ्यावर लोंबत होता.

“दिसलं नाही की ते थांबतं,” इंजिनियर म्हणाला.

“शानं हाय,” वडील म्हणाले. “आमाला धुळीत कुटं दिसतंय? तरी मालक म्हणत्यात, चालव.”

मालकही हसला. ते बघून दुसऱ्या ऑपरेटरने विचारलं, “मग मालक, धुळीनं हे सारखं थांबणार. एकटा माणूस रात्रंदिवस किती बघंल?”

दिवाळीआधी तिघांच्या पाळ्या लागल्या. पगार तोच.

आता वडील काचेआड बसून पडद्यावर खाण बघतात. खोकला गेलेला नाही, पण जेवताना घास खाली ठेवावा लागत नाही. यंत्र आलं आणि मला हायसं वाटलं, हे लिहिताना मला संकोच नाही. पण खुर्चीवरचं हे काम मागावं लागलं. शेजारच्या खाणीत अजून कुणी मागितलेलं नाही.

तुमच्या गावाला खाण असेल तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. यंत्र आल्यावर ऑपरेटर काय करणार, हे विचारा आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.