श्वासाची जागा

नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये गेली एकोणीस वर्षं मी गाणी चालवतो. नव्या पोरांच्या भाषेत मी वर्शिप लीडर आहे, पाळकसाहेबांच्या भाषेत उपासनेचा संगीतप्रमुख, आणि आमच्या आईच्या भाषेत 'आमचा मोठा पुढं उभा राहतो.' पोट भरतं सरकारी ऑफिसात. तिथं मी फाइली पुढं ढकलतो आणि रविवारी दोनशे माणसांचे आवाज पुढं ढकलतो. दुसरं काम जास्त अवघड, कारण आपण फार गोड गातो असं कुठल्याच फाइलीला वाटत नसतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला सराव. सहा म्हणजे सहा. रस्ते कुंभमेळ्यासाठी खणलेत ही सबब सध्या फार चालते. पण मीही त्याच खणलेल्या रस्त्यावरून येतो आणि पावणेसहाला कुलूप काढतो. उशिरा येणाऱ्याला मी बोलत नाही, नुसता बघतो. माझ्या बघण्याला लोक घाबरतात असं ऐकून आहे आणि ते ऐकून मला बरं वाटतं, हे कबूल करून टाकतो.

सरावाची माझी पद्धत साधी आहे. आधी चाल नाही, वाद्यं नाही. प्रत्येकाच्या हातात गाण्याची झेरॉक्स आणि पेन्सिल. गाणं मोठ्यानं वाचायचं, बोलल्यासारखं. जिथं अर्थ संपतो तिथं श्वास, आणि तिथं पेन्सिलीची खूण. दुसरीकडे कुठं श्वास घेतला तर माझ्याशी गाठ आहे. एकदा आमच्या गिटारवाल्यानं विचारलं होतं, "सर, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" मी म्हटलं, "पेन्सिलीतून." तो हसला. मी हसलो नव्हतो. तेव्हा मला खरंच वाटायचं की जागा नीट झाडून ठेवली की पाहुणा आपोआप येतो.

या पेन्सिलीच्या वेडामागं एक गाणं आहे. चौदा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या धाकट्या भावानं ईस्टरसाठी ते केलं. शब्द त्याचे, चाल माझी. तो तबला वाजवायचा आणि शब्दांच्या बाबतीत माझ्याहून उजवा होता, फक्त विरामचिन्हांशी त्याचं वाकडं होतं. ध्रुवपदाची ओळ त्यानं अशी लिहिली होती: 'कबरेत नाही जिवंत तो, पहाटेआधी जागला तो.' स्वल्पविराम हवा होता 'नाही'नंतर. कबरेत नाही, जिवंत तो. पण चाल अशी होती की 'कबरेत'वर सूर लांबायचा आणि लोकांचा दम तिथंच संपायचा. पहिल्याच वर्षी अर्ध्या मंडळीनं 'कबरेत'नंतर पोटभर श्वास घेतला आणि मग जोरात, अगदी भक्तिभावानं म्हटलं, 'नाही जिवंत तो!' म्हणजे ऐन ईस्टरच्या पहाटे, पुनरुत्थान झालेलं नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून, पेटी-तबल्यासह जाहीर केलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. प्रार्थनेसाठी असावेत.

घरी आल्यावर मी भावावर भडकलो आणि तो पोट धरून हसत बसला. पण पुढच्या शनिवारी त्यानं उपाय काढला. 'नाही' संपला की डग्ग्यावर बोटानं हलकी टिचकी द्यायची. ठेक्यात तिची काही गरज नव्हती. ती फक्त 'आता घ्या श्वास' एवढं सांगायला. दोनशे लोकांपैकी कुणाला कळलंही नाही, पण त्यानंतर ती ओळ कधी चुकली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. एक्केचाळीस वय. सकाळी दाढी करताना छातीत दुखलं, तीन दिवस आयसीयूत होता. ते तीन दिवस मंडळी पाळीपाळीनं प्रार्थनेला बसली. मीही बसलो. बाहेरच्या पॅसेजमध्ये, वॉचमन हटकत असताना, हळू आवाजात मी गायलोही. देवाला मी एकोणीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, एवढा तरी वशिला असेल. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. आणि मग सगळे येऊन माझा हात हातात घेऊन म्हणायला लागले, "प्रभूची इच्छा." त्यातल्या प्रत्येकाला उचलून पॅसेजबाहेर ठेवावं असं मला वाटत होतं. मी मान हलवत राहिलो.

दोन रविवार सोडून मी परत उभा राहिलो. कारण विचाराल तर, न उभं राहणं समजावून सांगायला जास्त शब्द लागले असते.

आणि इथून पुढचं लिहायची मला लाज वाटते. माझ्या आत काहीही उरलं नव्हतं. आधी गाणी निवडताना आठवडाभर एखादी ओळ डोक्यात घोळायची, बसस्टॉपवर, ऑफिसात, दात घासताना. ती बंद झाली. मी जुन्या याद्या काढून त्यातलीच गाणी उलटसुलट करून द्यायला लागलो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण पोहरा रिकामा आहे हे दिसू नये म्हणून मी तो घासून घासून लखलखीत केला. सराव दीड तासाचा अडीच तासांचा झाला. तबल्याच्या जागी कीबोर्डमधला तयार ठेका आला, आणि खुणेला टिचकी नाही म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं, "माझे खांदे बघा. खांदे वर गेले की श्वास. बाकी कशावरही नाही." इतकं घोटून घेतलं की पुढं पुढं मंडळीही माझ्या खांद्यांवर श्वास घ्यायला लागली.

गंमत म्हणजे सगळे खूश. "हल्ली उपासना काय सुंदर होते!" एक बाई तर म्हणाल्या की दुःखातून माझ्या गळ्यात पवित्र आत्म्याचा अभिषेक उतरलाय. मी "प्रभूची स्तुती असो" म्हणालो आणि गाडी काढून घरी आलो. खोटं बोलणाऱ्याचं कौतुक होतं तेव्हा त्याला किती एकटं वाटतं, हे मला त्या दिवशी समजलं.

भावाची बायको आमच्या गटातच गाते. माझ्या डाव्या हाताला तिची जागा. सप्टेंबरपासून एकही शनिवार तिनं चुकवला नाही. सहाच्या आधी येते, पेन्सिल आणते, गाते आणि जाते. आमच्यात तिच्या नवऱ्याचा विषय निघत नाही. एक माझा भाऊ आणि एक तिचा नवरा असे दोन वेगळे लोक वारलेत, असं आम्ही वागत होतो.

मार्चमध्ये पाळकसाहेबांनी ईस्टरच्या पहाटेची गाणी विचारली. मी चार गाण्यांची यादी दिली. त्यात आमचं गाणं नव्हतं. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि परत घातला. पण शनिवारी सरावात मी यादी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "दादा, यांचं गाणं राहिलं."

"या वर्षी नवीन घेऊ म्हटलं."

"ते घ्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. गिटारवाला तारा जुळवल्यासारखं करत बसला. मी यादीत पाचवा आकडा घातला.

पुढचे तीन शनिवार आम्ही ती ओळ किती वेळा म्हटली असेल देव जाणे. काळी दोन पट्टीत, मग अर्ध्या स्वरानं खाली, कीबोर्डसह, कीबोर्डशिवाय. एकदाही चुकली नाही. शब्द माझ्या तोंडातून व्यवस्थित बाहेर पडत होते, ऑफिसात 'अवलोकनार्थ सादर' लिहितो तसे. त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. माझा भाऊ कबरेत होता, आणि जिवंत नव्हता. मी स्वतः त्याच्यावर माती टाकली होती.

ईस्टरची पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्तानात होते. साडेपाचला लोक जमतात, अंगावर शाली, हातात मेणबत्त्या, म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. भावाची कबर फाटकापासून तिसऱ्या रांगेत. वर अजून फरशी घातलेली नाही. एक पावसाळा जाऊन माती पुरती बसू द्यायची, मगच फरशी, अशी पद्धत आहे. आदल्या दिवशी कुणीतरी त्या मातीच्या उंचवट्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस काढून ठेवला होता. माइकसमोर उभं राहिलं की तो नेमका समोर येत होता.

चार गाणी झाली. पाचवं सुरू केलं. पहिलं कडवं गेलं, ध्रुवपद गेलं, बरोबर. दुसरं कडवं गेलं. उजाडायला लागलं होतं, त्यामुळे पाकळ्यांचा रंग दिसायला लागला. मी 'कबरेत' म्हणून सूर लांबवला आणि माझा दम तिथंच संपला. हुंदका होता की काय, मला सांगता येणार नाही. पण खांदे वर गेले.

माझी माणसं फार उत्तम तयार झालेली होती. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. गट, मंडळी, खुर्च्यांवरचे म्हातारे, सगळ्यांनी. आणि मग दोनशे माणसांनी, एका सुरात, एका ठेक्यात, त्या उघड्या मातीसमोर उभं राहून म्हटलं, 'नाही जिवंत तो.'

माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ एकसुरात कुणी गायलं नसेल.

पुढच्या ओळीला मी कसाबसा सावरलो. माझ्या डाव्या हाताचा, तिचा आवाज मात्र बंद झाला होता. तो शेवटपर्यंत परत आला नाही.

आशीर्वाद झाला, मेणबत्त्या विझल्या, फाटकापाशी चहा आणि उकडलेली अंडी सुरू झाली. सायखेड्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी मला शोधत आल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "लय ग्वाड गायला रं बाबा. काळजात गेलं." मंडळीला काही कळलंच नव्हतं. पाळकसाहेबांना कळलं होतं. ते लांबून माझ्याकडे बघत होते आणि जवळ येत नव्हते. मी ठरवून टाकलं, आता त्यांच्याकडे जायचं आणि सांगायचं की दुसरा माणूस बघा.

भावाची बायको कबरेशी उभी होती. मी आधी तिच्याकडे गेलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मनातलं म्हणालात. मला सप्टेंबरपासून माहितीये, दादा. तुमच्या शेजारी उभी राहते मी. माणूस नुसता गळ्यानं गातोय हे कळत नाही का?"

मी हातातली झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

"मी साहेबांना सांगतो. मी सोडतो हे."

तेव्हा मात्र ती भडकली. आठ महिन्यांत मी तिला पहिल्यांदा भडकलेलं पाहिलं. "सोडा ना! तुम्हाला काय, तुमचं मन मोकळं होईल. मी आठ महिने त्या एका ओळीवर उभी आहे. रोज सकाळी उठून ती म्हणते, मग डबा भरते. तुमचाही तिच्यावर विश्वास असायलाच हवा असं नाही माझं म्हणणं. पण आज दोनशे लोकांकडून तुम्ही ती माझ्या तोंडावर उलटी म्हणवून घेतलीत. विश्वास नसेल तर नसो. श्वास तरी नीट घ्या!"

फाटकापाशी कुणीतरी हसत होतं, कपांचा आवाज येत होता. इतकी वर्षं मी मानत आलो होतो की आधी झाडलोट, मग पाहुणा. पाहुणा आलाच नाही तरी झाडत राहावं लागतं, कारण घरात दुसरंही कुणी राहतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"म्हणा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. इथं."

मी सुरू केलं. पट्टी बिट्टी काही न बघता, बोलल्यासारखंच. तिनंही धरलं. आठ महिने एकदाही न हललेला तिचा आवाज 'कबरेत'वर आला आणि लांबवता लांबवता मधूनच तुटला. तिनं तोंडाला पदर लावला.

माझाही दम संपत आला होता. मी खांदे हलू दिले नाहीत. 'नाही' मी एकट्यानं म्हटलं, तिच्या वाटचंही, आणि मगच श्वास घेतला.